बेंतसिल मास्तरांची चीं

अनोमाबो, १३ जानेवारी १९६९

ती. क्वामेनामामांस,
अराबाचा कृ. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहेत, बेंतसिल मास्तर सोडून. ते नाताळ आटोपून तिसऱ्या दिवशी गेले. तार मुद्दाम केली नाही. तार बघून मामा ताडी मागवतील आणि आळीभर वाटतील, अशी चॅरिटी मावशीची खात्री होती. आता कळलंच आहे तर काय मागवायचं ते मागवा, पण आधी हे पत्र पुरतं वाचा.

मास्तरांना केप कोस्टला बर्फात ठेवलंय. मुलगा लिव्हरपूलहून यायचा आहे, म्हणून दफन एक मार्चला ठरलं. तोवर सगळं गाव काळ्या-लाल कपड्यांत. चॅपेलात पियानो सध्या मी वाजवते. इतकी वर्षं मास्तरांच्या शेजारी उभं राहून मीच पानं उलटली, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ते येतच नाही. पण कारभारी ओटूंना पियानोवर बाईमाणूस बघवत नाही, आणि त्यात पियानोनेच माझा घात केलाय. मास्तर गेल्यापासून तो आतून चिरकतो. हळू गाणं लागलं की सुराआधी एक चीं आणि सुरामागून एक चीं. अख्खं चॅपेल आधी माझ्याकडे बघतं, मग मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीकडे. मास्तर पियानोत बसून माझ्या चुका काढताहेत असं गावाचं एकमत झालंय.

ओटूंनी प्रार्थनेनंतर उभं राहून सांगितलं, की दफनापर्यंत हा आवाज बंद झाला नाही तर पियानो शाळेच्या पडवीत जाईल आणि चॅपेलात ब्रास बँड येईल. पडवीत गेला की वाळवीचं जेवण झालं. आणि मी जाईन मावशीबरोबर आंबवलेल्या मक्याचं केंके वळायला. मामा, माझं केंके पानातून सुटून कुठल्या कुठे जातं हे तुम्ही पाहिलंय. मला पियानोशिवाय काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही नकोच आहे.

बेंतसिलच्या नाकात वारं आहे तोवर त्या चॅपेलची पायरी चढणार नाही, अशी शपथ घेऊन तुम्ही टाकोराडीला गेलात. आता ते वारं थांबलं. लॉरी रोज सुटते. केव्हा निघता?

मावशी मामींना नमस्कार सांगते. तुमचा माझ्यावर लोभ आहे हे ठाऊक आहे, तो तिकडे ठेवून काय करता, बरोबर घेऊन या.

तुमची,
अराबा


टाकोराडी, २० जानेवारी

चि. अराबास अनेक आशीर्वाद.

बेंतसिल गेल्याचं वाचून मी ताडी मागवली नाही. गावठी मागवली. रिवाजाप्रमाणे त्याच्या नावाने एक घोट जमिनीवर सांडला, जरा मोठाच सांडला, आणि तेवढी वाया गेल्याचं मला अजून वाईट वाटतंय. त्या एका लग्नात मी पियानोवर नाचाची गाणी वाजवली, म्हणून चॅपेलातून मला हाकलायला लावणारा हाच माणूस. नवरीची आई कंबर हलवत होती आणि पाद्रीबाबांचा बूट ठेका धरत होता, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

यायचं म्हणशील तर गुडघा आड येतो. लॉरीत चढेन, पण उतरवायला चार जण लागतील. शिवाय क्लबातल्या पियानोच्या दुरुस्तीचं काम अंगावर आहे. तेव्हा जे होईल ते पत्राने करू. तुझं पत्र उशिरा हाती आलं. पोस्टमन दार ठोठावून ठोठावून परत गेला आणि मी आतच होतो, असं मामी सांगते. बायका काय वाटेल ते सांगतात.

आता कामाचं. चिरकतो तो पियानो, बेंतसिल नव्हे. आणि आजचा नाही, फार पूर्वीपासून चिरकतो. पण बेंतसिल पट्ट्यांवर मुसळ घातल्यासारखा वाजवायचा आणि वरून गायचाही, त्यात कुणाला ऐकू जाणार? तू हळू वाजवतेस म्हणून ऐकू येतं. त्यात हा हरमॅटनचा कोरडा वारा. ओठ फुटतात तिथे पियानोतल्या चामड्याचं काय होत असेल.

चॅपेल रिकामं बघून जा. पहिल्यांदा नुसतं पायाचं पेडल दाब. ते कुरकुरलं तर त्याच्या सांध्यात पेन्सिलीचं शिसं घास. मग एकेक पट्टी अगदी सावकाश दाब. मग समोरची वरची फळी काढ, आत दोन खिट्ट्या आहेत. कोणत्या पट्ट्या, खाली जाताना की वर येताना, आणि आत काय कशाला घासतंय, सगळं लिहून कळव. आवाज कसा आहे तेही नीट लिही. उंदराचा, दाराचा, की ओलं बोट काचेवर घासल्याचा, ते कळलं पाहिजे.

आणि एक. तेल लावायचं नाही. बिशपने स्वतः आणून दिलं तरी नाही.

आशीर्वाद मागच्याइतकेच, कमी केलेले नाहीत.
क्वामेनामामा


अनोमाबो, ५ फेब्रुवारी

ती. मामांस, कृ. सा. न.

पेडल गप्प झालं. पेन्सिल ओटूंच्या कानावरचीच मागून घेतली, त्यामुळे पुण्य त्यांच्याही खात्यात. वरची फळी काढली तर आत मास्तरांच्या पेपरमिंटच्या गोळ्या, चघळायच्या कोलाची अर्धी बी आणि झुरळांचं एक सुखी कुटुंब निघालं. मधल्या बऱ्याच पट्ट्या चिरकतात, खाली जाताना. आवाज ओल्या बोटाने काच घासल्यासारखा. आत बघितलं तर प्रत्येक हातोडीच्या टाचेला चामड्याचा तुकडा आहे, त्याला खालून एक लाकडी बोट ढकलतं आणि निसटतं. ते निसटताना चीं होते. हे माझं मला सापडलं आणि मला इतका आनंद झाला की मी तिथेच बसून एक झुरळ मारलं.

आता वाईट बातमी. तुमचं पत्र मी मावशीला वाचून दाखवलं होतं, तेल नाही हेसुद्धा. मावशीचं म्हणणं पडलं, की ते यंत्राचं झालं, आणि क्वामेनाला आत्म्यातलं काय कळतं. शुक्रवारी तिचं महिला मंडळ पाम तेलाची बाटली घेऊन आलं. सकाळपासून त्या बाटलीवर प्रार्थना केली आणि मी घरी भात टाकायला गेले तेवढ्यात बाटली पियानोत ओतली.

रविवारी एक चीं आली नाही. बायका रडल्या, मावशीने तर चॅपेलला प्रदक्षिणा घातली. सोमवारी मधल्या हातोड्या वर गेल्या त्या खाली येईनात. मंगळवारी मुंग्या आल्या. आता सगळा पियानो तळलेल्या मासळीच्या टपरीसारखा वास मारतो, आणि चीं परत आली आहे, आधीपेक्षा जाड आवाजात. मास्तर बळ लावून विरोध करताहेत असं मंडळ म्हणतं. पुढच्या खेपेला दोन बाटल्या आणायचं ठरलंय. लवकर लिहा, नाहीतर पियानो तळून खावा लागेल.

तुमच्या आशीर्वादाची सध्या फार गरज असलेली,
अराबा


टाकोराडी, १० फेब्रुवारी

चि. अराबास आशीर्वाद. चॅरिटीला नाहीत.

तिला सांग की लहानपणी तिने माझ्या बाजाच्या पेटीत माशांचं कालवण सांडलं होतं, तेव्हापासून माझा तिच्यावर राग आहे आणि तो नुकताच कुठे शांत होत होता. पुढची बाटली तिने स्वतःच्या डोक्याला लावावी, आत्मा तिथेही असतो.

आता रडत बसू नको. जुनं सुती कापड घे आणि टिपता येईल तेवढं तेल टिप, घासू नको. मग पावडर. बायका मानेला लावतात तीच. बिनवासाची मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर बेंतसिल जन्मात पहिल्यांदा सुगंधी होईल. प्रत्येक चामड्यावर भरपूर चोप, हात आखडू नको. रात्रभर राहू दे, ती तेल पिते. सकाळी दात घासायच्या कोरड्या ब्रशने झाड म्हणजे चामड्याची लव उठेल. परत पावडर, परत ब्रश. शेवटी त्या लाकडी बोटांच्या टोकांवर मऊ पेन्सिल घास. मग ते बोट चामड्यावरून असं सरकेल की कानाला पत्ता लागणार नाही. दारं-खिडक्या बंद ठेवून काम कर, वारा वैरी आहे.

चीं गेली की नाही ते फक्त तुझ्या कानाने ठरव, दुसऱ्या कुणाला विचारू नको. तुझे कान चांगले आहेत. लहानपणी तू माझ्या मागे बसून मला सांगायचीस की मामा, ही तार लबाड बोलते. ते माझ्या लक्षात आहे.

मामी विचारते की तू जेवतेस का. तूच तिला कळव.
क्वामेनामामा


अनोमाबो, १९ फेब्रुवारी

ती. मामांस, कृ. सा. न. वि. वि.

पियानो गप्प झाला. मधल्या पट्ट्या एकूण एक मी सावकाश दाबल्या, जोरात दाबल्या, कान आत घालून दाबल्या. एक चीं नाही. हे वाक्य नीट वाचून ठेवा, कारण पुढचं सगळं वाईट आहे.

शेवटची पावडर मी काल मारली. काल मंगळवार. चॅपेल रिकामं असतं म्हणून मी तो वार धरला. काम झालं, आणि आनंदाच्या भरात, आता उजेडात एकदा बघू म्हणून मी समुद्राकडचं दार उघडलं. वारा आत घुसला आणि दोन डब्यांची पावडर पियानोतून उठून माझ्यावर आली. डोळ्यांत, केसांत, मानेवर, खांद्यांवर. श्वास घ्यायला मी तशीच धावत किनाऱ्यावर गेले. आणि मंगळवारी समुद्राला सुट्टी. एरवी दर्यावर असणारा गावातला प्रत्येक पुरुष तिथे जाळी विणत बसलेला, आणि बायका मासे धुरावत बसलेल्या. त्यात मधोमध मास्तरांची थोरली बहीण एसाबाबाई.

आपल्याकडे मानेखांद्यावर पांढरी पावडर घालून कोण फिरतं हे तुम्हाला सांगायला नको. बाळंत झालेली, नाहीतर खटला जिंकलेली. बाळ माझ्या हातात नव्हतं. मास्तर अजून बर्फात, अंगावर माझ्या सुतकाचा काळा कपडा, त्यावर विजयाची पावडर, आणि वर मी हसत होते. एसाबाबाईंनी हातातला मासा खाली ठेवला आणि विचारलं की क्वामेना एसुमानच्या घराण्याने माझ्या भावाच्या मरणाचा सण आजच साजरा करायचा होता का. मी पियानो म्हटलं, चामडं म्हटलं, तेल म्हटलं. जितकं सांगितलं तितकं वेड्यासारखं वाटत गेलं. त्यात तुम्ही गावठी मागवल्याचं मावशीने आधीच बाजारात सांगून ठेवलंय.

रात्री त्यांच्या कुळाची बैठक बसली. एक मेंढी, दोन बाटल्या, आणि आईकडचे वडीलधारे म्हणून तुम्ही स्वतः येऊन सर्वांसमोर खुलासा करायचा. दफनाच्या आत. नाही आलात तर आपल्या घरातल्या कुणाचा हात त्या पियानोला लागणार नाही. ओटू इतके खूश आहेत की ब्रास बँडची तालीम चॅपेलच्या मागे सुरूही झाली. हे लिहिताना ऐकू येतेय.

पियानो बरा झाला आणि मी बाहेर. मला फार रडू येतंय, मामा. तुमचा गुडघा गोणीत भरून आणा, पण या.

अराबा


टाकोराडी, २३ फेब्रुवारी
(लॉरीवाल्याच्या हाती)

चि. अराबा,

मंगळवारी किनाऱ्यावर जायची बुद्धी तुला कुणी दिली? जन्मलीस मंगळवारी, नाव मंगळवारचं, आणि मंगळवारी काय असतं ते तुला माहीत नाही. असो. पहिल्यांदा वाचून मी इतका हसलो की मामी धावत आली. मग दुसऱ्यांदा वाचलं.

गुडघा ठीक आहे. गुडघ्याला काही झालेलं नाही.

मागच्या वर्षी मी मामीला म्हणालो की हल्ली आपल्याकडे रातकिडे राहिले नाहीत, बंदराच्या धुराने मेले असतील. मामीने मला अंगणात नेलं. म्हणाली, रातकिडे आहेत, आत्ताही ओरडताहेत. वरचे आवाज गेलेत माझे, अराबा. बोलणं कळतं, मोठ्याने असेल तर. पण पियानोच्या उजव्या टोकाला मी नुसती लाकडं ठोकतो. चीं तर मला कित्येक दिवसांत भेटलेली नाही. क्लबातल्या साहेबांना संगीतातलं काही कळत नाही म्हणून माझं पोट चाललंय.

आता सांग, मी येऊन काय करू? बेंतसिलची सगळी माणसं गोळा होतील, पियानो उघडतील आणि म्हणतील, ऐक क्वामेना, आता आवाज येतो का सांग. मी दगडासारखा बसेन. एसाबा पहिली ओळखेल, तिचे डोळे लहानपणापासून तसेच आहेत. जन्मभर ज्याने कानाचा तोरा मिरवला तो बहिरा, हे त्या चॅपेलात कळावं याची मला भीती वाटते. तुला सांगताना लाज वाटत नाही, त्यांच्यासमोर वाटेल.

मेंढी पाठवतो. चांगली धष्टपुष्ट पाठवतो.

मामा


अनोमाबो, २४ फेब्रुवारी
(त्याच लॉरीवाल्याच्या हाती, तो थांबलाय आणि शिव्या देतोय)

ती. मामांस, सा. न.

मेंढीला खुलासा करता येत नाही.

तुम्ही पियानोसमोर बसा, मी तुमच्या डावीकडे उभी राहते, पानं उलटायला राहायचे तशी. चीं आली तर तुमच्या पायावर पाय देईन. नाही आली तर नाही देणार. बाकी तोंड तुमचं आहेच, त्याला काही झालेलं नाही. गुरुवारी दुपारी बैठक आहे. बूट जाड घाला.

अराबा


अनोमाबो, ६ मार्च

ती. मामांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

तुम्ही रविवारी प्रार्थना संपल्याबरोबर लॉरी गाठलीत, त्यामुळे बोलणं झालंच नाही. मागे बसलेल्यांचं तुम्हाला ऐकू येत नव्हतं, तेव्हा तुमच्या पाठीमागे काय काय झालं ते लिहून कळवणं माझं कर्तव्य आहे.

गुरुवारी तुम्ही मेंढी घेऊन आत आलात तेव्हा तिने पायरीवरच घाण केली. मागून कुणीतरी म्हणालं की एसुमानांच्यात निदान एकीला तरी मास्तरांबद्दल खरं काय वाटतं ते सांगता आलं. तुम्ही गंभीर चेहऱ्याने पुढे चालत होतात ते फारच शोभलं. मग तुम्ही फळी काढलीत, एसाबाबाईंना बोलावून आत नाक घालायला लावलंत, आणि सांगितलंत की सण वगैरे काही नाही, ह्या म्हाताऱ्या पियानोला घामोळं आलं होतं म्हणून पोरीने पावडर लावली. त्यावर बाई हसल्या. तुम्हाला वाटलं त्या खोकल्या. नाही, हसल्या, आणि मग डोळ्यांना पदर लावला. मास्तरांची पेपरमिंटची गोळी त्यांना आत दिसली होती. मीच ती परत ठेवली होती.

तुम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्ट्या दाबत गेलात. उजव्या टोकाला, शेवटून दुसऱ्या पट्टीला, बारीकशी चीं आली. मी तुमच्या पायावर पाय दिला. तुम्ही हललाही नाहीत. मला वाटलं बूट फार जाड झाले. मागे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तुम्ही इतक्या ऐटीत झाकण लावलंत की मीही गप्प बसले. ओटूंनी तुमच्याशी हात मिळवताना पुटपुटलेलं तेवढं मी इथे लिहीत नाही, ते चॅपेलचे कारभारी आहेत.

आता रविवारचं, दफनाच्या दुसऱ्या दिवशीच्या आभाराच्या प्रार्थनेचं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, चॅपेल भरलेलं, बँड बाहेर उन्हात फुगून उभा. मी जितकं हळू वाजवता येतं तितकं हळू वाजवलं. लोक गाणं सोडून चीं येते का तेच ऐकत होते. नाही आली. मी वाचले असं वाटलं, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. शेवटच्या आमेनला मिरवायचं म्हणून हात उजव्या टोकाला नेला आणि नेमकी तीच पट्टी दाबली. चीं. अख्ख्या चॅपेलात ती एकटीच. ओटू उठून उभे राहिले. तुम्ही पुरुषांच्या रांगेत बसून त्यांच्याकडे बघत गोड हसत होतात. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

आणि एसाबाबाई उठल्या. ओटूंना म्हणाल्या, बसा. म्हणाल्या, मधलं सगळं पोरीने पुसलं ते बरं केलं, पण हा एवढा माझा भाऊ आहे, आमेन झाल्यावरही त्याला काहीतरी बोलायचं असायचंच. ह्या पट्टीला कुणी पावडर लावायची नाही. मग गाठोड्यातून डबा काढून त्या पुढे आल्या आणि माझ्या मानेवर, खांद्यांवर, सगळ्यांसमोर पावडर ओतली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, पण तुम्हाला कारण कळलं असेल असं वाटत नाही. बायका ओरडल्या, बँडने बाहेरून काहीतरी वाजवून टाकलं. पियानो जागेवर राहिला आणि पियानोवर मी. ओटूंनी पुढील सूचना मिळेपर्यंत असे शब्द जोडले, तेवढं त्यांचं चालू द्या.

एकच मनाला लागून राहिलंय. तुमच्या हाताखालून एक चीं निसटली आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. रागावू नका.

तुमची, अजून केसांतून पावडर झाडत असलेली,
अराबा


टाकोराडी, ११ मार्च

चि. अराबास अनेक आशीर्वाद, या खेपेला चॅरिटीलाही थोडे.

पायाचं बोट सुजलंय. बूट जाड नव्हते, नवे होते आणि पातळ होते, आणि तू केंके खाऊन खाऊन जड झाली आहेस. हललो नाही, कारण पाय पडायच्या आधीच मला कळलं होतं. कानाला काही आलं नाही, पण बोटाला आलं. ती पट्टी खाली जाताना वाळूच्या कणाएवढं काहीतरी खरखरलं. मी मनात म्हटलं, इथे पोरीची पावडर पोचलेली नाही. डबा माझ्या खिशातच होता, मामीने दिलेला.

लावली नाही. इतकी वर्षं त्या माणसाशी भांडलो, अराबा, त्याच्याशी भांडायचं म्हणून सकाळी ताजा उठायचो. तो एकदम गप्प झालेला मला सोसवेना.

रविवारी टाळ्या कशाला वाजवल्या ते मला पक्कं माहीत होतं. तुझा हात त्या टोकाला गेलेला दिसला, ओटू उठलेला दिसला. मग आणखी काय ऐकायचं राहिलं?

क्लबाच्या पियानोत काहीतरी ओरडतंय असं आता साहेबांनाही कळायला लागलंय, म्हणजे फारच ओरडत असणार. ईस्टर झाला की आठवडाभर इकडे ये. बोटं माझी आहेत, कान तू घेऊन ये. रात्री अंगणात बसू, आणि रातकिडे ओरडत असले तर तेही मला सांग.

आपला लोभ चिरकला तरी चालेल, गप्प होऊ नये.

क्वामेनामामा